सोन्यात हीण का घालतात?



‘हिणकस’ हा शब्द आपण नेहमी दूषण म्हणून वापरतो. हिणकस शेरा, हिणकस वागणूक, हिणकस माल. हा शब्द मूळचा सोन्याचांदीच्या व्यवहारातला आहे. सोन्यात किंवा चांदीत मिसळलेल्या हलक्या धातूला ‘हीण’ म्हणतात आणि कसाला लावल्यावर ज्यात हीण दिसून येते ते हिणकस. याच्या उलट, ज्यात हीण मुळीच नाही ते बावनकशी सोने. म्हणूनच सज्जन माणसाला आपण ‘बावनकशी सोनं’ म्हणतो.

आता एक प्रश्न. आपल्या आईच्या पाटल्या, आजीची नथ, मंगळसूत्राच्या वाट्या हे सारे बावनकशी आहे का? नाही. त्या प्रत्येकात हीण आहे आणि ते चुकून राहिलेले नसून जाणूनबुजून घातलेले आहे. दहावीच्या वर्गात धातू आणि अधातूंचा धडा शिकवताना आम्ही हे सांगतो, तेव्हा एखादा विद्यार्थी हमखास विचारतो, ‘म्हणजे सोनार आपल्याला फसवतो का?’ प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर एका ओळीत देता येत नाही, म्हणून हा लेख. पालकांनीही तो अवश्य वाचावा. बहुतेक घरांत दागिने ही हौसही असते आणि अडीअडचणीची पुंजीही असते.

शुद्ध सोन्याचा गुण हाच दोष

सोने हा सर्वांत जास्त वर्धनीय आणि तन्य धातू आहे. वर्धनीय म्हणजे ठोकून ज्याचा पातळ पत्रा होतो तो, आणि तन्य म्हणजे ओढून ज्याची तार होते तो. अवघ्या १ ग्रॅम सोन्यापासून सुमारे २ किलोमीटर लांबीची तार काढता येते. ठोकून ठोकून त्याचा इतका पातळ वर्ख होतो की उजेडासमोर धरल्यास तो हिरवट, अर्धपारदर्शक दिसतो.

आपल्या ग्वाल्हेरात याचे उदाहरण पाहायला मिळते. १८७४ साली जयाजीराव शिंदे महाराजांच्या काळात पूर्ण झालेल्या जयविलास महालाचा दरबार हॉल सोनेरी नक्षीसाठी प्रसिद्ध आहे. अशा कामात सोन्याचा मऊपणा हा मोठा गुण ठरतो. थोडेसे सोने पसरून पसरून मोठी जागा मढवता येते. पण तिथे सोन्यावर कसलाच भार नसतो, त्याने नुसते चमकायचे असते. हॉलमधली प्रचंड झुंबरे तोलून धरण्याचे काम छताचे आहे, सोन्याचे नव्हे.

दागिन्याचे तसे नसते. पाटली हातातल्या काचेच्या बांगड्यांवर दिवसभर घासते. मंगळसूत्राची कडी मूल ओढते. नथीच्या बारीक तारेत मोती ओवलेले असतात आणि तिचा फासा रोज उघडायचा व मिटायचा असतो. अंगठीतला खडा चार इवल्याशा नखांनी धरून ठेवलेला असतो. ही कामे शुद्ध सोन्याला झेपत नाहीत. पदार्थांचा कठीणपणा मोजण्याच्या मोह्स मापात आपल्या बोटाचे नख सुमारे २.५ वर येते आणि शुद्ध सोने २.५ ते ३ च्या दरम्यान. म्हणजे सोने नखापेक्षा फारसे कठीण नाही. त्याची कडी उघडून जाईल, पाटलीला पोचे पडतील, खडा निसटेल आणि रोजच्या घासण्याने सोने नकळत झिजून जाईल. हीण घालण्याचे पहिले आणि मुख्य कारण हे आहे: दागिना टिकावा.

जुन्या पुतळ्यांच्या माळेचे उदाहरण इथे आठवते. ‘पुतळी’ हे मूळचे व्हेनिसचे डुकाट नावाचे सोन्याचे नाणे. त्यावर उभ्या व गुडघे टेकलेल्या आकृत्या असत, म्हणून आपल्या लोकांनी त्याला पुतळी म्हटले. हे नाणे जवळजवळ शुद्ध सोन्याचे असे. माळेत अशा पुतळ्या नुसत्या लोंबत असत, ताण सारा गुंफणाऱ्या दोऱ्यावर येई. जिथे ताण नाही तिथे शुद्ध सोने चालते, जिथे ताण आहे तिथे त्याला सोबती लागतो.

हीण आत जाऊन काय करते?

डब्यात एकसारखे लाडू थरावर थर रचून ठेवावेत, तसे सोन्याचे अणू आत रचलेले असतात. सगळे एकाच आकाराचे असल्याने जोर पडताच एक थर दुसऱ्यावरून सहज घसरतो. यालाच आपण मऊपणा म्हणतो. आता त्याच डब्यात मधूनमधून लहान लाडू ठेवले तर? थर वेडेवाकडे होतील आणि पहिल्यासारखे सहज घसरणार नाहीत.

तांब्याचा अणू हा असा लहान लाडू आहे. मीटरच्या एक लाख कोटीव्या भागाला पिकोमीटर म्हणतात. सोन्याच्या अणूची त्रिज्या १४४ पिकोमीटर, तर तांब्याची १२८. म्हणून थोडेसे तांबेही सोन्याला चांगला ताठपणा आणते. चांदीच्या अणूची त्रिज्या सोन्याइतकीच, १४४ पिकोमीटर असल्याने चांदी सोन्यात सहज सामावते, पण ताठपणा कमी देते.

मग नुसते तांबेच का घालत नाहीत? इथे रंगाचा प्रश्न येतो. तांब्याने सोने लालसर होते, चांदीने फिकट आणि हिरवट. दोन्ही योग्य प्रमाणात घातली की एकमेकांचा परिणाम सावरला जातो आणि आपल्याला आवडणारा पिवळा रंग टिकतो. रोझ गोल्ड म्हणून जे गुलाबी सोने मिळते त्यात तांबे जास्त असते. पांढऱ्या सोन्यात पॅलेडियम किंवा निकेल असते. म्हणजे टिकाऊपणा आणि रंग ही हीण घालण्याची दोन कारणे झाली. तिसरे कारण किमतीचे. हीण जितके जास्त, तितका दागिना स्वस्त. याच तिसऱ्या कारणाच्या आडून लबाडी शिरते.

अकरा मासे सोने, एक मासा हीण

शुद्ध सोन्याचे २४ भाग मानले, तर दागिन्यात त्यांपैकी किती भाग सोने आहे हे कॅरेटने कळते. २२ कॅरेट म्हणजे २२ भाग सोने आणि २ भाग इतर धातू. शेकडेवारीत ९१.६७ टक्के. १८ कॅरेट म्हणजे ७५ टक्के, आणि १४ कॅरेट म्हणजे सुमारे ५८.५ टक्के. (हिऱ्याचा कॅरेट निराळा. ते वजन आहे, २०० मिलिग्रॅमचे.) कॅरेट हा शब्द कॅरोब नावाच्या झाडाच्या बियांवरून आला. आपल्याकडे जशी गुंज, तशी तिकडे ती बी.

आपल्या आजी-आजोबांच्या मापात हेच गणित अधिक सुटसुटीत बसते. ८ गुंजांचा १ मासा आणि १२ माशांचा १ तोळा. ११ मासे शुद्ध सोने आणि १ मासा हीण एकत्र केले की १ तोळा २२ कॅरेट सोने तयार होते. हे अकरास एक प्रमाण जगभर चालत आले आहे. इंग्लंडमध्ये १५२६ साली आठव्या हेन्रीच्या काळात २२ कॅरेट सोन्याची नाणी पाडू लागले, कारण मऊ सोन्याची नाणी हाताळून झिजत. १८३५ च्या कायद्याने ईस्ट इंडिया कंपनीच्या मोहरेतही बारापैकी अकरा भाग सोने ठेवले गेले. इंग्रजी सॉव्हरिनला आपण गिनी म्हणू लागलो. तेही २२ कॅरेटचे, म्हणून जुनी माणसे २२ कॅरेटला अजून ‘गिनी सोने’ म्हणतात.

पालकांसाठी एक सूचना. जुना तोळा ११.६६४ ग्रॅमचा. आज बाजारात बोलताना १० ग्रॅमलाही तोळा म्हणतात. जुन्या याद्यांवरून दागिन्यांचा हिशेब करताना कोणता तोळा आहे हे आधी पाहावे.

कसोटीचा दगड

हीण किती आहे हे ओळखायचे कसे? सर्वांत जुना उपाय म्हणजे कसोटी. या काळ्या, गुळगुळीत दगडावर दागिना घासला की सोनेरी रेघ उमटते. शेजारी माहीत असलेल्या कसाच्या सोन्याची रेघ ओढायची आणि दोन्हींचा रंग ताडून पाहायचा. वर आम्ल लावले की हीण विरघळते, सोने राहते. ‘कसाला लागणे’, ‘कसोटीला उतरणे’ हे वाक्प्रचार इथूनच आले.

अकबराच्या दरबारातल्या अबुल फजलने ‘आईन-ए-अकबरी’त या परीक्षेचे सविस्तर वर्णन केले आहे. तुलनेसाठी वेगवेगळ्या कसाचे सोने लावलेल्या सुया वापरत असत. तो लिहितो की इराणात शुद्धतेच्या दहाच पायऱ्या मानतात, हिंदुस्थानात मात्र बारा, म्हणून इथल्या शुद्ध सोन्याला ‘बारहबानी’ म्हणतात. सोन्याच्या परीक्षेची इतकी बारीक नोंद ठेवणाऱ्या या लेखकाची कबर आपल्याच जिल्ह्यात, आंतरी येथे आहे. १६०२ साली त्याची हत्या झाल्यावर तिथेच त्याला पुरले. सहलीच्या निमित्ताने ती जरूर पाहावी.

दुसरा उपाय पाण्याचा. ग्रीक शास्त्रज्ञ आर्किमिडीजची मुकुटाची गोष्ट तुम्हाला माहीत आहे. शुद्ध सोन्याची घनता दर घन सेंटिमीटरला १९.३ ग्रॅम, चांदीची १०.५ आणि तांब्याची ८.९६. म्हणून हीण वाढले की घनता घटते. २२ कॅरेटमध्ये चांदी व तांबे निम्मे निम्मे असल्यास ती सुमारे १७.८ येते, १८ कॅरेटमध्ये सुमारे १५.५. पण याही परीक्षेला चकवता येते. टंगस्टन धातूची घनता सोन्याच्या अगदी जवळ, १९.२५ आहे. त्याच्या गाभ्यावर सोने मढवले तर तराजू गप्प बसतो.

सर्वांत खात्रीची परीक्षा अग्नीचीच. सोन्याचा लहानसा तुकडा शिशाबरोबर तापवतात. शिसे व तांबे यांची भस्मे विशिष्ट सच्छिद्र मुशीत शोषली जातात. उरलेली चांदी नायट्रिक आम्लात विरघळवतात. शेवटी राहते ते शुद्ध सोने. त्याचे वजन केले की हीण किती होते हे कळते.

चौदा कॅरेटचा फसलेला प्रयोग

हीण किती असावे हे सरकारने हुकमाने ठरवले तर काय होते, याचा अनुभव आपल्या देशाने घेतला आहे. १९६२ च्या चीन युद्धानंतर परकीय चलनाची टंचाई होती आणि सोन्याची चोरटी आयात चालू होती. जानेवारी १९६३ मध्ये, मोरारजी देसाई अर्थमंत्री असताना, सुवर्ण नियंत्रणाचे नियम आले. १४ कॅरेटपेक्षा अधिक शुद्धतेचे नवे दागिने घडवण्यास बंदी झाली.

शास्त्राच्या दृष्टीने १४ कॅरेट सोने वाईट नाही. ते कठीण असते, खडा घट्ट धरते. अमेरिकेत त्याचेच दागिने सर्रास वापरतात. पण आपले सुवर्णकार पिढ्यान्‌पिढ्या मऊ सोन्यावर हात बसलेले होते. चौदा कॅरेटचे सोने हातोडीखाली लवकर ताठते, पुन्हापुन्हा तापवून मऊ करावे लागते, नाहीतर चिरते. गिऱ्हाइकाला तर ते नकोच होते. त्याच्या लेखी दागिना म्हणजे साठवलेले सोने, आणि निम्म्याला जेमतेम वर असलेल्या सोन्यात पैसे गुंतवायला कोण तयार होणार? देशभर कित्येक सुवर्णकारांचा रोजगार गेला, ठिकठिकाणी आंदोलने झाली. अखेर १९६६ मध्ये चौदा कॅरेटची अट मागे घेण्यात आली. सुवर्ण नियंत्रणाचा १९६८ चा कायदा मात्र १९९० पर्यंत टिकला.

यातून घ्यायचा बोध असा की योग्य हीण किती, याचे एकच उत्तर नाही. वस्तू कशासाठी, ती घडवणारा हात कोणता आणि विकत घेणाऱ्याला तिच्यातून काय हवे, यावर ते ठरते.

टाक्याचे गूढ

अनेक पालकांची एक तक्रार असते. ‘२२ कॅरेट म्हणून घेतलेला दागिना वितळवला तर सोने कमी का भरले?’ यामागे नेहमी लबाडीच असते असे नाही. दागिना अनेक तुकडे जोडून बनतो. जोड लावणारी धातू दागिन्याच्या आधी वितळायला हवी, नाहीतर जोडता जोडता दागिनाच वितळेल. तिला आपण डाख किंवा झाळ म्हणतो. इथल्या सराफ्यात तिला टाका म्हणतात. इथे हीण मोठ्या गमतीने कामी येते. सोने १०६४ अंश सेल्सिअसला वितळते आणि तांबे १०८५ अंशांना, पण ८० भाग सोने व २० भाग तांबे यांचे मिश्रण सुमारे ९१० अंशांनाच वितळते. म्हणून जुन्या टाक्यात तांबे व चांदी भरपूर असे. सारे सोने एकत्र वितळले की टाक्यातले हीणही त्यात मिसळे आणि एकूण कस खाली येई. दागिन्यात बारीक जोड जितके जास्त, तितकी तूट जास्त.

यावर तोडगा म्हणून कॅडमियमचा टाका आला. तोच ‘केडीएम’ नावाने प्रसिद्ध झाला. थोडेसे कॅडमियम पुरत असल्याने कस फारसा उतरत नसे. पण कॅडमियम ७६७ अंशांनाच उकळते. जोड लावताना त्याची विषारी वाफ सुवर्णकाराच्या फुप्फुसांत जाई आणि मूत्रपिंडांनाही इजा करी. हॉलमार्कच्या दागिन्यांत कॅडमियमला मनाई आहे. गिऱ्हाइकाच्या शुद्धतेची किंमत कारागिराने आपल्या श्वासाने मोजावी हे योग्य नव्हते. दुकानात कोणी ‘केडीएम’ हा शब्द शुद्धतेची हमी म्हणून वापरला, तर तो शिक्का नव्हे, जोड लावण्याची एक रीत आहे हे लक्षात ठेवावे.

बोरमाळेसारख्या दागिन्यांत मणी पोकळ असून आत लाख भरलेली असते. पोचे पडू नयेत म्हणून ही सोय आहे. मात्र मोडताना लाखेचे वजन सोन्यात धरता येत नाही.

मिश्रण की भेसळ?

आता त्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाकडे येऊ. सोनार फसवतो का? हीण घालणे ही फसवणूक नाही. ती गरज आहे आणि कौशल्यही आहे. घातलेले हीण लपवणे ही फसवणूक. तेच तांबे, तीच चांदी. प्रमाण सांगून घातले तर त्याला मिश्रण म्हणावे, न सांगता घातले तर भेसळ. कौटिल्याच्या ‘अर्थशास्त्रा’तही सोन्यातल्या चोरीच्या वाटा सांगताना पहिला मान खोट्या तराजूला दिला आहे. म्हणजे ही काळजी आजची नाही.

लंडनमध्ये १३०० सालापासून सोन्याचांदीच्या वस्तू तपासून त्यांवर शिक्का मारण्याचा कायदा आहे. आपल्याकडे भारतीय मानक ब्यूरोने २००० साली सोन्याचे हॉलमार्किंग सुरू केले. ते ऐच्छिक होते. १६ जून २०२१ पासून ते टप्प्याटप्प्याने, जिल्ह्याजिल्ह्यांत सक्तीचे होत गेले. आता दागिन्यावर तीन खुणा असतात: ब्यूरोचे त्रिकोणी चिन्ह, शुद्धतेचा आकडा आणि सहा अक्षर-अंकांची ओळख. ९१६ म्हणजे हजारात ९१६ भाग सोने, म्हणजेच २२ कॅरेट. ७५० म्हणजे १८ कॅरेट. २०२५ मध्ये ९ कॅरेटचाही, म्हणजे ३७५ चा, समावेश झाला. जुलै २०२१ पूर्वीच्या हॉलमार्क दागिन्यांवर सहा अक्षरांच्या ओळखीऐवजी सराफाची व तपासणी केंद्राची खूण आढळेल.

पालकांनी खरेदीच्या वेळी एवढे करावे:

१. तिन्ही खुणा भिंगातून पाहाव्यात आणि सहा अक्षरांची ओळख ‘बीआयएस केअर’ या मोबाइल अ‍ॅपवर तपासावी.

२. पावतीवर सोन्याचे वजन, कॅरेट, खड्यांचे वजन आणि घडणावळ वेगवेगळी लिहून घ्यावी.

३. हॉलमार्कच्या दागिन्यात कस कमी निघाल्यास तुटीच्या रकमेच्या दुप्पट भरपाई आणि तपासणीचा खर्च मागता येतो. पण त्यासाठी पावती हवी.

४. २ ग्रॅमपेक्षा कमी वजनाच्या वस्तूंना हॉलमार्कची सक्ती नाही. त्या विश्वासाच्या पेढीवरूनच घ्याव्यात.

५. घरातले जुने, बिनशिक्क्याचे दागिने मोडण्यापूर्वी मान्यताप्राप्त केंद्रात शुल्क भरून तपासून घ्यावेत. कस माहीत असला की व्यवहार बरोबरीने होतो.

आणि दारावर येऊन दागिने चमकवून देणाऱ्याला कधीही दागिना देऊ नये. असाच एक प्रश्न दहावीच्या धड्याखाली आहे: बांगड्या लखलखीत झाल्या, पण वजन घटले, ते का? कारण त्या द्रावणात आम्लराज होते. ३ भाग हायड्रोक्लोरिक आम्ल आणि १ भाग नायट्रिक आम्ल यांचे हे मिश्रण सोन्यालाही विरघळवते. दागिना धुवायला घरचे रिठ्याचे पाणी पुरे.

करून पाहा

१. आजीच्या पाटल्या जुन्या मापाने ५ तोळे, २२ कॅरेटच्या आहेत. शुद्ध सोने किती ग्रॅम?

२. १० ग्रॅम शुद्ध सोन्याचे २२ कॅरेट करायचे, तर हीण किती घालावे?

३. शुद्ध सोन्याचे ५२ कस मानले, तर २२ कॅरेट सोने किती कसाचे?

४. आई-बाबांसमोर घरच्या एका दागिन्यावरच्या खुणा भिंगातून पाहून वहीत लिहा. दागिना मात्र शाळेत आणू नका!

(उत्तरे: १. ५३.४६ ग्रॅम. २. सुमारे ०.९१ ग्रॅम. ३. सुमारे ४७.६७ कस.)